विसण

आमच्या नमूआत्याला चटका बसत नसे, आणि याचं आम्हां सगळ्यांना कोण कौतुक. चुलीवरचं पातेलं ती पदर न धरता, सांडशी न घेता सरळ दोन्ही हातांनी उचलायची. शेगडीतून बाहेर पडलेला निखारा बोटांनी आत सारायची. तव्यावरची तांदळाची भाकरी आम्ही फुंकरा मारत, बोटं झटकत उलटायचो; आत्या सावकाश उलटायची, आमच्याशी बोलता बोलता, दुसऱ्या हाताने चुलीत झावळी सारत. पाहुणे आले की आई मुद्दाम म्हणायची, "आमच्या वन्संचे हात म्हणजे लोखंडाचे हो." आत्या लाजायची, "चला, काहीतरीच," म्हणायची आणि पुढचं पातेलं थोडं जास्तच डौलात उचलायची. तिचं ते लाजणं मला अजून दिसतं. त्या घरात तिचं कौतुक व्हावं असं दुसरं काही नव्हतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला केळव्याकडे दिली होती. मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी केली आणि आत्या एक पत्र्याची ट्रंक घेऊन माहेरी आली ती आमचीच झाली. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. तिला घरात कोणी टाकून बोललं असं मला आठवत नाही, पण तिला विचारून कोणी काही केलं असंही आठवत नाही. बारसं असो, डोहाळजेवण असो, ओटी भरायची वेळ आली की आत्या आत स्वयंपाकघरात असायची. कोणी नको म्हणायच्या आत तीच मागे सरायची. लहानपणी मला वाटायचं की आत्याला स्वयंपाकघरच आवडतं. माणसं आपल्या सोयीचं तेवढं समजून घेतात, आणि मूलही त्यांतलंच असतं.

आमची वाडी वसईजवळ, सांडोरच्या थोडी अलीकडे. राजेळी केळी, पानवेली, मधूनमधून सुपारी, कुंपणाशी मोगरा आणि मध्ये बैठं कौलारू घर. सकाळी विहिरीवरचा पंप सुरू झाला की भिंतीतून त्याची धडधड यायची. माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षांत त्या धडधडीत टँकरचा घरघराट मिसळला. विरार-नालासोपाऱ्याला इमारती उठत होत्या, त्यांना पाणी हवं होतं आणि आमच्या शेजारच्या वाड्या पाणी विकू लागल्या होत्या. बाबा विकत नसत, पण विहिरीला कुठे कळतं कोणाचं पाणी कोणतं? आमचंही खाली गेलं. घरी आम्ही जी बोली बोलायचो ती मी इथे लिहीत नाही. एकदोनदा प्रयत्न केला, पण कागदावर ती दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखी दिसते, म्हणून मी तो नाद सोडला आहे. आत्याचं 'गो' आणि 'बाय' तेवढं ठेवते, कारण त्याच्याशिवाय मला तिचा आवाज ऐकू येत नाही.

थंडी सरली की सुकेळ्यांचं काम निघायचं. पिकलेली राजेळी सोलायची, कारवीच्या ताटीवर उन्हात मांडायची, रोज परतायची, आणि ती मधासारखी तपकिरी होऊन आक्रसली की केळीच्या वाळक्या सोपटात आवळून बांधायची. हे खातं आत्याचं. घड कापण्यापासून सोपटं सोलण्यापर्यंत सगळं तीच करायची, आणि केळीच्या चिकाने तिचे हात कोपरापर्यंत काळेकरडे झालेले असायचे. चिकाचे डाग साबणाने जात नाहीत, कपड्यावरून तर जन्मात जात नाहीत. आम्ही तिचे हात त्या रंगाचेच धरून चाललो होतो. त्या डागांखाली काय आहे हे बघायचं कोणाच्या मनात येणार?

मिरचीचंही तसंच. वर्षाचा मसाला घरी व्हायचा, तेव्हा मिरच्या निवडायला आई आणि मी हाताला तेल चोळून, फडकी गुंडाळून बसायचो, तरी रात्री हातांची आग आग व्हायची. आत्या नुसत्या हातांनी मिरच्या मोडायची, भाजलेला गरम मसाला हातांनी कालवायची, वर म्हणायची, "कोवळे गो तुमचे हात. कामाची सवय नाही." एकदा तेच हात तिने चुकून डोळ्याला लावले आणि अशी कळवळली की बाबांनी विहिरीवर नेऊन डोळा धुतला. डोळ्याला झोंबलं, हाताला नाही. आम्ही सगळे हसलो, तीही डोळा लाल करून हसली.

ताई माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. तिला विरारला दिली होती, नवऱ्याची नोकरी चांगली, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा ब्लॉक, घरात सासू. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे ती सातव्यात आमच्याकडे आली. मी तेव्हा बारावीला. घर एकदम अळिवाच्या खिरीच्या, बाळंतशेपेच्या, ओव्याच्या धुराच्या वासाने भरून गेलं. मुलगी झाली. गोरीपान, डोक्यावर भरघोस जावळ, आणि रडायला लागली की पानवेलीतली माणसं वर बघायची. बाळाला न्हाऊमाखू कोण घालणार हा प्रश्न आलाच नाही. गावातली न्हाऊ घालणारी बाई म्हातारी झाली होती, आणि आईनेच म्हटलं, "आपल्या वन्सं आहेत की. त्यांच्या हाताला सोसतं, शेकही त्याच देतील." आत्या उठली. मग आत जाऊन तिने नवं पातळ नेसलं. तान्हं मूल तिच्या मांडीवर कोणी आपणहून दिलं, असं बहुधा पहिल्यांदाच झालं होतं. ती त्या दिवसांत गुणगुणायची. आत्याला गाणं येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

न्हाणीघर मागच्या पडवीला लागून. आत्या खाली बसून पाय लांब सोडायची, नडग्यांवर बाळाला पालथं घ्यायची, कोमट खोबरेल तेल जिरवायची, डाळीचं पीठ आणि साय लावायची. मग पाणी. तांब्याच्या बंबातलं कडकडीत पाणी बादलीत काढायचं आणि त्यात विहिरीचं गार पाणी घालत जायचं, अंगाला सोसेल इतपत. याला आम्ही विसण म्हणतो. विसण किती घालायचं याला माप नाही. हात घालून बघायचं आणि हात सांगेल ते ऐकायचं. माझी आई, तिची आई, सगळ्यांनी हेच केलं, आणि शेकडो पोरं न्हाऊन निघाली. आताच्या मुली पाण्यात तापमापी सोडतात, त्यांना माझ्या वयाच्या बायका हसतात. मी हसत नाही.

त्या दिवसापर्यंत रोज आईच विसण घालून द्यायची आणि आत्या नुसती न्हाऊ घालायची. हे मला खूप नंतर उमगलं. तोवर वाटायचं की आत्याने रोजच बरोबर पाणी केलं आणि त्याच एका दिवशी चुकलं. त्या सकाळी आई पुढच्या दारी होती, पानवाला हिशेबाला आला होता. आत्याने स्वतः बंबातून पाणी काढलं, विसण घातलं, हात बुडवला, फिरवला. मी दाराशी टॉवेल घेऊन उभी होते, मी तिचा चेहरा बघितला आहे. ती निवांत होती. पाणी चांगलं झालं अशी खात्री असलेल्या माणसाचा चेहरा होता तो. तिने तांब्या भरला आणि बाळाच्या कमरेपासून खाली सोडला.

बाळ किंचाळलं. पण न्हाताना बाळ किंचाळतंच, रोजच किंचाळायचं, आणि त्यावर रोज एकच बोललं जायचं, तेच आत्या बोलली. "रडू दे गो बाय, रडू दे. रडलं की छाती मोकळी होते." आणि दुसरा तांब्या ओतला. आतल्या खोलीतून, खाटेवरून ताई ओरडली, "अगं ती अशी का रडतेय?" आई धावत आली. तिने बादलीत हात घातला आणि झटक्यात बाहेर काढला, आणि बाळाला आत्याच्या पायांवरून ओढूनच घेतलं. बाळाच्या मांड्या आणि पोटाची खालची बाजू लालबुंद झाली होती. आत्या तशीच बसून राहिली, पाय पसरलेले, हातात तांब्या. ती म्हणाली, "काय झालं?" तिला खरंच कळलं नव्हतं. तो 'काय झालं' मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो बाहेरून येतो की माझ्या डोक्यातून, हे सांगता येत नाही. नळाखाली बादली भरताना येतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये मूल रडलं तरी येतो.

बाळाला वसईतल्या दवाखान्यात ठेवलं. जगेल की नाही या धास्तीत दोन दिवस गेले, मग डॉक्टर म्हणाले की धोका टळला, पण डाग राहणार. ताईची सासू विरारहून आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, "जिची कूस उजवली नाही तिच्या मांडीवर पोर देतं का कोणी?" मला वाटलं ताई काही बोलेल. आत्याने ताईलाही लहानाची मोठी केली होती, तिच्या वेण्या घातल्या होत्या, तिला सुकेळी लपवून ठेवली होती. ताई आईकडे वळून म्हणाली, "मी आतून ओरडत होते, आई. मी ओरडत होते आणि ती ओतत राहिली. तिने मुद्दाम केलंय." बाळंतिणीचं तोंड सुकलेलं, डोळे खोल गेलेले. मी तिला त्या वाक्यासाठी दोष देत नाही. जिथे ती होती तिथून तसंच दिसत होतं.

या गडबडीत आत्याच्या हाताकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं, तिचंही नाही. दुसऱ्या दिवशी ती पाट्यावर वाटण वाटत होती आणि वरवंट्याला पाणी लागल्यासारखं दिसलं म्हणून मी पाहिलं, तर तिच्या उजव्या हाताला हे मोठे फोड आले होते, त्यातला एक फुटला होता. मी म्हटलं, "आत्या, दुखत नाही?" तिने हात उलटसुलट करून बघितला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. "फोड आलेत गो," म्हणाली.

मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. मलमपट्टीपुरतीच गेले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फोड पाहिले, आत्याचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "आजी, हे दुखत नाहीत?" मग त्यांनी काचेच्या दोन नळ्या आणवल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. आत्याला डोळे मिटायला सांगितले आणि नळ्या आळीपाळीने हाताला, मनगटाला, कोपराखाली लावत गेल्या. "कुठली गरम?" आत्या म्हणाली, "ही." ती गार होती. "आता?" "ही पण तीच ना?" कापसाचा बोळा फिरवला तर मात्र तिला कळला, टाचणीचं टोक बरंचसं कळलं. बाईंनी स्पिरिटने चिकाचे डाग घासले. खाली कातडीवर फिकट चट्टे होते, एक मनगटापाशी, एक चांगला रुपयापेक्षा मोठा कोपराखाली. बाई हळू आवाजात म्हणाल्या की हा कुष्ठरोग आहे. गोळ्या फुकट मिळतात, नेमाने घेतल्या की बरा होतो, गोळ्या सुरू झाल्या की कोणाला लागण्याची भीती नाही. घरातल्या सगळ्यांना एकदा तपासायला आणा म्हणाल्या. "यात आधी गरम-गार कळेनासं होतं. स्पर्श मागाहून जातो, म्हणून माणसाच्या लक्षात येत नाही. गेलेलं परत येईलच असं मी सांगत नाही."

रिक्षात आत्या बाहेर बघत बसली होती. मी मात्र मनातून उजळले होते, हे आता लिहिताना विचित्र वाटतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं की आत्या सुटली. तिने मुद्दाम केलं नाही, तिचा हातच खोटं बोलला, आणि याला आता डॉक्टरांचा दाखला आहे. घरी गेल्या गेल्या मी आईबाबांना सगळं सांगून टाकलं. बाबा खुर्चीतून उठलेच. "मी आत्ता विरारला जातो. अक्का, तुझ्यावरचा हा डाग मी आज पुसतो."

"बस खाली," आत्या म्हणाली. बाबांना असं दरडावताना मी तिला आधी ऐकलं नव्हतं. "काय सांगशील? बहिणीला महारोग आहे म्हणून? आणि त्याच हातांनी ती महिनाभर पोरीला चोळत होती म्हणून? आज एकटी मी वाईट आहे. उद्या सगळं घर वाईट होईल. विरारच्या त्या बाईने आपल्या पोरीला लेकरासकट बाहेर ठेवली तर? आणि हिचं लग्न व्हायचंय." हिचं म्हणजे माझं.

"डॉक्टर म्हणाल्या बरा होतो," मी म्हटलं.

"डॉक्टरीणबाई येणार आहे का गो सोयरीक करायला?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "वन्सं म्हणतात ते बरोबर आहे." त्या एका वाक्यासाठी मी आईवर पुढे कितीतरी वर्षं मनातून चिडून होते. तिचा जावई, तिचा व्हायचा जावई, तिचं नाक, तिची अब्रू, सगळं त्या वाक्यात होतं आणि आत्या कुठेच नव्हती. आता आई नाही. आता मला वाटतं की तिने नळ्यांची गोष्ट ऐकली तेव्हाच तिला आठवलं असणार की रोजचं विसण ती घालून देत होती आणि त्याच दिवशी ती पानवाल्याशी बोलत उभी होती. तिनेही ते कोणाला सांगितलं नाही.

बाळ घरी आलं त्या दिवशी आत्या ताईसमोर जाऊन उभी राहिली. हाताला पट्टी होती, ती तिने पदराखाली घेतली. "माझं लक्ष नव्हतं, बाय. चुकलं माझं."

ताईने बाळाला छातीशी घट्ट धरलं. "लक्ष नव्हतं की मन नव्हतं?"

 मी दाराशी होते. मला ओरडून सांगायचं होतं, आणि आत्याने माझ्याकडे असं बघितलं की माझी जीभ उचलली नाही. ही बाई घरात असेतो मी या उंबऱ्याला पाय लावणार नाही, असं ताई म्हणाली आणि आठवडाभरात विरारला गेली. मग आत्यालाच जावं लागलं. कळंबला बाबांचा समुद्राकडे एक तुकडा होता, सुरूच्या झाडांत, दोन खोल्यांचं घर. तिथे ती ट्रंक घेऊन राहायला गेली. आम्हां सगळ्यांना तपासलं, बाळाचंही काहीतरी निमित्त काढून तपासणं झालं, कोणाला काही निघालं नाही. आत्याने गोळ्यांची पाकिटं एक दिवस न चुकवता संपवली. रोग गेला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळली ती वळलेलीच राहिली, आणि गरम-गार परत आलं नाही.

मी प्राणिशास्त्र घेतलं. आत्यामुळे घेतलं असं म्हणायला छान वाटेल, पण खरं कारण असं की बारावीचे मार्क कमी पडले. एम.एस्सी.ला असताना एका सरांनी वर्गात सांगितलं की प्राण्यांना ऊब कळते कशी, याचा उलगडा नुकताच होऊ लागला आहे. मज्जातंतूच्या टोकांवर प्रथिनांची अगदी बारीक दारं असतात. एरवी मिटलेली. ऊब ठरावीक हद्दीपलीकडे गेली की दार उघडतं, बाहेरचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले क्षारांचे कण, आत घुसतात, तंतूत संदेश पेटतो आणि मेंदूला कळतं की गरम आहे. कोमटाला वेगळं दार, गाराला वेगळं, पोळण्याला वेगळं. पुदिन्याने तोंड गार पडतं ते गाराचं दार उघडतं म्हणून. आणि पोळण्याचं जे दार आहे तेच मिरचीनेही उघडतं. मिरची तिखट लागते ती चव नव्हेच, शरीराला आपण भाजतोय असं वाटतं. पोपट मिरच्या खुशाल खातो, कारण पक्ष्यांचं ते दार उष्णतेला उघडतं, पण मिरचीला दाद देत नाही.

मी हात वर केला. "सर, एखाद्या माणसाच्या हाताला मिरची झोंबतच नसेल तर?"

"तर तो पोपट असेल," सर म्हणाले आणि वर्ग हसला. मग ते म्हणाले, "नाही तर त्याचे तंतू गेले असतील. त्याने ताबडतोब डॉक्टरला दाखवावं." आणि फळ्याकडे वळले. एका अनोळखी माणसाला जे एका वाक्यात कळलं, ते आमच्या अख्ख्या घराने वर्षानुवर्षं समोर बघितलं होतं, पाहुण्यांना कौतुकाने दाखवलं होतं. मी बाकावर बसून राहिले. 

त्याच रविवारी मी कळंबला गेले. दुपारची वेळ, ओहोटी लागलेली, सुरूंमधून वारा सतत कुजबुजत होता. आत्या म्हातारी दिसू लागली होती. तिने मला आंघोळीला पाणी काढलं आणि तांब्या भरून आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिला, एकदा, मग पुन्हा, आणि तरीही म्हणाली, "तू बघ गो. तुझ्या हाताने बघ." गालाला तिला कळायचं, पण तिने आता त्याच्यावरही विश्वास ठेवायचं सोडलं होतं. भातावर तिने सुक्या बोंबलांचं कालवण केलं होतं, पातेलं दोन जाड फडक्यांनी धरून उतरवलं. जेवणं झाल्यावर मी तिला सगळं समजावून सांगितलं. दारं, कण, मिरची, पोपट. मला वाटत होतं की मी तिच्यासाठी काहीतरी मोठं घेऊन आले आहे. "आत्या, तुझ्या हाताची ती दारंच उरली नव्हती. तू हात बुडवलास तेव्हा आत काही पोचलंच नाही. तुझा काहीएक दोष नाही, आणि मी हे आता ताईला सांगणार. माझं लग्न मोडलं तर मोडू दे."

तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं. पोपटाला हसलीसुद्धा. 

"इतकुशा बाळाला असतात का गो ती दारं?"

मला प्रश्न कळला, आणि तो कळल्यावर मी जिथे बसले होते तिथे मला बसवेना. ती इतकी वर्षं हेच धरून होती. जे पाणी तिच्या हाताला लागलं नाही ते त्या जिवालाही फारसं लागलं नसेल, तान्ह्याला कुठे एवढं कळतं, ते नुसतं सवयीने रडलं असेल. एवढ्यावर ती जगत होती आणि मी शास्त्र घेऊन आले होते. खोटं बोलावं असं मनात येऊन गेलं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि हात गेल्यापासून ती सगळं डोळ्यांनीच ओळखायला शिकली होती.

"असतात, आत्या. जन्मतःच असतात."

"म्हणजे तिला सगळं कळलं."

"हो."

तिने मान हलवली. रडली नाही. "मग तुझ्या ताईला काही सांगू नकोस."

"का? अगं तू काही केलं नाहीस."

"पोर तर पोळली ना. सगळं कळून पोळली, तूच म्हणतेस. मग आईने रागवायचं कोणावर? बंबावर? त्या तुझ्या दारांवर?" ती उठून ताटं गोळा करू लागली. "ती पोर कपडे बदलताना डाग दिसत असेल तिला रोज. माझ्यावर राग आहे तोवर तिला कुठेतरी बघता येतं. तो काढून घेतलास तर ती स्वतःकडे बघेल, मी का उठले नाही, मी का धावले नाही. नाही तर तुझ्या आईकडे बघेल. राहू दे तिला माझ्यावर राग. मी इथे समुद्रावर त्याचं काय करायचं ते बघेन."

मी भांडले तिच्याशी. खूप भांडले, तिला हट्टी म्हटलं, अडाणी म्हटलं. ती ताटं घासत राहिली, पाणी आधी गालाला लावून.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. ताईला कळवलं, ती आली नाही. माझं लग्न झालं, मोडलं नाही, माझ्या नवऱ्याला मी सगळं पहिल्याच वर्षी सांगितलं आणि तो म्हणाला, एवढंच ना. ताईने आता पन्नाशी ओलांडली आहे. तिची मुलगी, ती पोळलेली, हुशार निघाली, परदेशात असते, डागाचं तिला काही वाटत नाही. ताईला वाटतं. अजूनही कधी गणपतीत सगळे जमलो की ताई मध्येच म्हणते, "त्या बाईने माझ्या पोरीचं काय केलं होतं, आठवतं ना?"  सगळे माझ्याकडे बघतात, कारण ताईखेरीज त्या घरातली आता मीच उरले आहे. दर वेळी सगळं खरं माझ्या ओठांवर येतं, दर वेळी मी ताईचा चेहरा बघते, आणि दर वेळी म्हणते, "हो ताई. आठवतं."